विहीर, गोड्या पाण्याची

घोडबंदरच्या रस्त्यानं नव्या मिठाच्या गाड्या परवापासून जायला लागल्यात. चेण्यातलं आमचं घर रस्त्याला लागूनच आहे, त्यामुळे पहिली गाडी बहुतेक मलाच दिसते. गोणपाटातून मीठ गळतं, चाकांच्या मागे पांढरी रेघ उमटत जाते, आणि ऊन वर आलं की ती रेघ ओली दिसायला लागते. पौष लागल्याचं मला पंचांगात बघावं लागत नाही.

इथल्या बायकांना हा महिना आवडतो. भात घरात आलेलं असतं, वालाला शेंगा लागलेल्या असतात, दुपारी अंगणात बसलं तरी डोकं तापत नाही. मीही त्यांच्याबरोबर बसते, शेंगा सोलते. पण पहिली गाडी गेली की माझे हात आपोआप थांबतात. आत्तेसासूबाई म्हणतात, "यमुनेला पौष बाधतो." मी हसते. काय बाधतं ते त्यांना मी कधी सांगितलं नाही. आज लिहायला बसले आहे.

जपान लढाईत उतरला त्या हिवाळ्यात आम्ही भाईंदरजवळच्या राईतलं घर विकलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आई, बाबा आणि मी, अशी तीनच माणसं घरात. मी मराठी सातवीची फायनल पास झालेली होते, गावातल्या लहान मुलींना शिकवत होते, आणि लिहिण्या-वाचण्याचं कुठलंही काम निघालं की अर्धा गाव माझ्याकडे येत होता.

घर बाबांनी स्वतः बांधलं होतं. पंचवीस वर्षं ते मिठागरावर मुकादम होते. दुसऱ्यांच्या मिठात उभं राहून त्यांच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की आई त्यात मेण भरायची. त्या मजुरीतून एका वर्षी जोतं झालं, दुसऱ्या वर्षी भिंती, मग दोन वर्षं नुसत्या भिंती पावसात भिजल्या, आणि पाचव्या वर्षी कौलं चढली. पूर्वेला त्यांनी मुद्दाम मोठी खिडकी ठेवली. त्या बाजूला शेजाऱ्यांचं भाताचं खाजण होतं, खाडी अडवून केलेली जमीन, लांबपर्यंत मोकळी. "ह्या अंगानं कधी कोन भिंत बांदनार न्हाय," असं बाबा म्हणायचे.

भिंत कुणी बांधली नाही. शेजाऱ्यांनी खाजण एका शेठला विकलं आणि शेठनं तिथे मिठागर काढलं. खाडीचा जुना बांध फोडला, नवी उघाडी, पाणी आत घ्यायची लाकडी झडप, बसवली, आणि भरतीचं पाणी आमच्या खिडकीपासून चाळीस पावलांवर येऊन उभं राहिलं. बाबा पडवीत उभे राहून मजुरांचं काम बघत होते. एकदा न राहवून त्यांनी ओरडून सांगितलंसुद्धा, "बांधाला माती चोपून घाल, झिरपंल ना!" मजुरांनी ऐकल्यासारखं केलं आणि बाबा आत गेल्यावर पुन्हा तशीच सैल माती टाकली.

पहिल्या वर्षी वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ लागलं. आईला वाटलं, भांड्याला काही लागलं असेल. दुसऱ्या वर्षी ते फाल्गुनात खारट झालं. म्हशीनं तोंड लावलं नाही. तिनं घमेल्याशी नाक नेलं, फुरफुरली आणि मान वळवून आमच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे मी सांगतेय त्या हिवाळ्यात, मार्गशीर्ष संपायच्या आतच पाणी खारट झालं.

त्याबरोबर बाकीचंही बदलत होतं, पण इतकं हळू की रोज बघणाऱ्याला कळू नये. पूर्वेच्या भिंतीला खालून पांढरी बुरशी चढत होती. बुरशी कसली, मीठच ते. बोट लावून जिभेवर ठेवलं की कळायचं. आधी घोट्याइतकं होतं, मग गुडघ्याइतकं. देवाच्या कोनाड्याखाली पोचलं तेव्हा आईनं देव उचलून स्वयंपाकघरात आणले. नारळांची बोंडं सुपारीएवढी होऊन गळायची. दोन माड शेंड्यापासून वाळले. सकाळी चुलीजवळ लहान खेकडे सापडायचे. झाडूनं लोटले तरी ते जायचे नाहीत, आपलंच घर असल्यासारखे आडवे चालत कोपऱ्यात शिरायचे. एके दिवशी विहिरीच्या काठाला हिरवं जाड पान फुटलेलं दिसलं. मी जवळ जाऊन बघितलं. तिवर होतं. खाडीतलं झाड आमच्या अंगणात उगवलं होतं.

घर विकायचं, यावर वाद झाला नाही. वाद झाला तो कसं विकायचं यावर. गावातलं कुणी घेणार नव्हतं, कारण गावाला सगळं ठाऊक होतं. शेठचा माणूस दोनदा येऊन गेला होता. त्याला जागा हवी होती, घर नको होतं. त्यानं बाबांच्या देखतच पडवीचा खांब हलवून बघितला आणि सोबतच्याला म्हणाला, "हे लाकूड उघाडीला चालेल."

तो गेल्यावर बाबा त्या खांबाजवळ जाऊन बसले.

"त्याला द्यायचं न्हाय," ते म्हणाले. "तो पाडंल. पाडून पानी भरंल."

"मग देनार कोनाला?" आईनं विचारलं.

"मुंबईच्या मानसाला. मुंबई रिकामी होतेय. बॉम्ब पडनार म्हनून लोक बायकापोरं घेऊन निघालेत. कोनी तरी येईल. राहील तरी घरात."

आई म्हणाली, "आनी प्यायला काय घेईल?"

बाबा उठून तो खांब पुन्हा सरळ करायला लागले. बाबांचं ते ठरवणं मला आजही कळतं आणि कळत नाही. दगडावर दगड ठेवून उभं केलेलं घर डोळ्यांदेखत पाडलं जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी ते एका अनोळखी कुटुंबाला त्यात ठेवायला तयार झाले. आयुष्यभर त्यांनी कुणाची फसवणूक केली नव्हती, आणि हे करतानाही आपण फसवतोय असं त्यांना वाटत नसावं. आपण घर वाचवतोय, असंच वाटत असावं.

गिरगावात एक ओळखीचा वाणी होता. त्याच्या दुकानात लावायला कागद लिहून पाठवायचं ठरलं. मी पाट मांडून बसले, टाक शाईत बुडवला. बाबा उभ्यानं सांगत होते.

"लिव. राई गावात कौलारू घर विकनं आहे. पूर्वेला तोंड. चार खोल्या. पुढं पडवी. आवारात आठ नारळ."

"आठ न्हाईत," आतून आई म्हणाली. "दोन मेलेत."

"मग सहा लिव. खोटं नको." मी आठ खोडून सहा केलं. बाबा थांबले. "विहीर आहे, लिव."

मी लिहिलं. कागद वाळायला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तो पुन्हा मला दिला. "नुस्ती विहीर वाचून कोन येईल? गोड्या पान्याची लिव."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीकडे बघत होते. मी 'विहीर'च्या पुढे जागा करून 'गोड्या पाण्याची' असं बसवलं. दुपारी ते परत आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बारमाही पन घाल, पोरी."

एवढ्या खाडाखोडीचा कागद पाठवता येणार नव्हता. मी नवा घेतला आणि सगळं पहिल्यापासून सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. 'बारमाही गोड्या पाण्याची विहीर.' त्या ओळीला मी जरा जास्तच वेळ दिला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. शाई माझी होती, हात माझा होता, आणि अक्षर छान येतंय याचं मला त्या क्षणी बरंही वाटलं होतं. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते.

मग घराची तयारी सुरू झाली. तारोडीहून इनास गवंडी आला. साठीचा, काटक माणूस, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. त्यानं पूर्वेची भिंत खरवडली तेव्हा खाली पिठासारखा ढीग पडला. त्यानं चिमूट उचलली, चाखली आणि थुंकला.

"बाय, ह्या भिंतीत दर्या हाय," तो मला म्हणाला. "मी चुना मारतो. चार महिने काय दिसनार न्हाय. मंग दिसंल."

"चार महिने पुरेत," बाबा मागून म्हणाले. इनासनं त्यांच्याकडे वळून बघितलं, मग माझ्याकडे, आणि चुन्यात पाणी ओतायला लागला. दिवसभर तो एरवीसारखा गायला नाही. संध्याकाळी आईनं दिलेला चहा त्यानं उभ्या उभ्याच घेतला आणि निघाला.

वाळलेले दोन माड तोडले, बुंधे उकरून वर शेण सारवलं. आईनं तिवराचं रोप उपटलं. मूळ एवढं खोल गेलं होतं की तिला दोन्ही पाय रोवून ओढावं लागलं. जमिनी सारवल्या, खिडक्यांना तेल लावलं. घर माझ्या आठवणीत पूर्वी कधी इतकं सुंदर दिसलं नव्हतं. मेलेल्या माणसाला न्हाऊ घालून नवे कपडे चढवल्यावर तो दिसतो तसं ते दिसत होतं. मी आईला तसं म्हटलं तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

राहिली विहीर. मिठागरात काम केलेल्याला एक गोष्ट ठाऊक असते: अवेळी पाऊस पडला तर गोडं पाणी खाऱ्यात लगेच मिसळत नाही, वर तरंगत राहतं. बाबांनी विहीर अर्धी उपसवली. मग दोन दिवस भाड्याची बैलगाडी देवळामागच्या तळ्यावर जात-येत होती. पिंपं भरून यायची, आणि बाबा ती एकदम न ओतता विहिरीच्या भिंतीला धरून, लहान मुलाच्या डोक्यावर ओतावं तसं हळू ओतायचे. गावातली सगळी घरं रस्त्याच्या कडेला होती. सगळ्यांनी पिंपं पाहिली. कुणी काही विचारलं नाही. त्या साली आणखी दोन-तीन घरं मुंबईकरांना विकायची होती.

"बादली पान्याला टेकवायची," बाबांनी आम्हां दोघींना शिकवलं. "बुडवायची न्हाय."

घर बघायला एक मास्तर आणि त्यांची बायको, पत्रानं कळवल्याप्रमाणे, तिसऱ्या दिवशी आली. मास्तर गिरगावातल्या एका शाळेत शिकवायचे. मुलं गावोगाव निघून गेल्यानं वर्ग ओस पडले होते. पस्तिशीचे असतील, कोट घातलेला, हातात माझा कागद. त्यांची बायको, सुमतीवहिनी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. पाचवा महिना होता. स्टेशनपासून चालत आल्यानं त्यांचा चेहरा लाल झाला होता.

मास्तरांनी पडवीत बसून कागद उलगडला. "हे कुणी लिहिलं?"

"आमच्या यमूनं," बाबा म्हणाले.

"उत्तम अक्षर आहे." ते माझ्याकडे वळले. "मी मुलांना सांगतो, अक्षरावरून माणूस कळतो. खरं म्हणजे हा कागद बघूनच आम्ही आलो. नाही तर त्या फळीवर वीस कागद होते."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

वहिनींना तहान लागली होती. आईनं बादली सोडली. दोर दोन हात गेला, बादली पाण्याला टेकली, कलली, अर्धी भरून वर आली. आई दोर फार सावकाश ओढत होती. वयामुळे, असं मास्तरांना वाटलं असावं, कारण ते मदतीला पुढे झाले आणि बाबा चटकन मध्ये गेले. वहिनी ओंजळीनंच प्यायल्या. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तोंडावर पाणी मारलं. "किती थंड आहे हो," त्या म्हणाल्या. मास्तरही प्यायले. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

मग मी वहिनींना घर दाखवलं. पूर्वेच्या खोलीत त्या थांबल्या. चुन्याचा वास अजून ताजा होता. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "बाळंतपण इथेच करायचं. तिकडे हवाई हल्ल्याच्या सरावाचे भोंगे वाजतात ना, पोटात बाळ दचकतं. खरंच. हात लावला तर कळतं." खिडकीबाहेर शेठच्या मिठागरातलं पाणी आरशासारखं चमकत होतं. "ते काय, तळं?"

"मिठागर," मी म्हटलं.

"छान दिसतं." थोड्या वेळानं त्यांनी सहज विचारलं, "पाणी खरंच बारा महिने असतं ना, ताई? आमच्या चाळीत नळावर इतकी भांडणं होतात. बाकी कसंही असलं तरी चालेल मला."

घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. बाबा बाहेर होते, आई विहिरीवर. एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "तो कागद मीच लिहिलाय ना."

त्यांनी हसून माझा हात दाबला.

सौदा झाला. खरेदीखताच्या दिवशी वहिनींच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. घर बघायला आल्या तेव्हाच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या होत्या. आम्ही माघाच्या सुरुवातीला मामाच्या गावी, चेण्याला आलो. निघताना बाबांनी रहाटाला नवा दोर बांधला. आईनं उंबऱ्यावर कुंकू वाहिलं आणि मागे न बघता गाडीत चढली.

चेण्याला डोंगरातून ओढा येतो. पहिल्या सकाळी मी त्याच्या काठी गेले, ओंजळ भरली आणि गिळवेना. बाबांचं बोलणं हळूहळू कमी होत गेलं. ते त्यानंतर चार वर्षं जगले, पण राईचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. आईशी त्यांचं काही बिनसलं नव्हतं. दोघं समोरासमोर बसून जेवायची, पण नजर ताटातून वर काढायची नाहीत. माझं लग्न पुढे इथेच झालं. मुंबईवर बॉम्ब पडलेच नाहीत. इनास एकदा बाजारात भेटला तेव्हा त्यानं सांगितलं, की मास्तरांना मुलगी झाली, पूर्वेच्या खोलीतच, ती जगली. दोन उन्हाळे काढून ती माणसं मुंबईला परत गेली. घर शेवटी शेठनंच घेतलं, आणि पाडलं. बाबांनी जे होऊ नये म्हणून हे सगळं केलं ते दोनच वर्षं लांबलं. मी एकदा भाईंदरला गेले होते तेव्हा पाय आपोआप राईच्या रस्त्याला वळले. जिथे आमची पडवी होती तिथे पाणी होतं, आणि एक माणूस दाताळ्यानं मीठ ओढत होता. मी कोण ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यानं नुसतं विचारलं, "कुनाकडं आलाव, बाय?" मी तशीच माघारी वळले.

हे सगळं मी एरवी मागे टाकू शकले असते. लढाईच्या त्या वर्षांत लोकांनी याहून वाईट गोष्टी केल्या आणि विसरले. पण आम्ही चेण्याला आल्यावर दोनच महिन्यांनी, चैत्रात, टळटळीत उन्हात, आमच्या दारात एक बैलगाडी थांबली. मी अंगणात धान्य पाखडत होते. गाडीवानानं आधार दिला आणि सुमतीवहिनी उतरल्या. आठवा महिना. पाय सुजले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या. राईपासून चेण्यापर्यंत अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे.

बाबांनी आतून त्यांना पाहिलं आणि मागच्या दारानं निघून गेले. आई चुलीजवळ खाली बसली ती उठली नाही. मी सूप हातात घेऊन उभी होते. आता त्या ओरडतील, गाव गोळा होईल, शिव्या देतील, शाप देतील, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी त्याची तयारी केली होती. खरं तर मला ते हवंच होतं.

वहिनी ओट्यावर बसल्या. श्वास जुळवायला त्यांना वेळ लागला. मी सूप ठेवून पाणी दिलं. त्यांनी तांब्या संपवला, पदरानं तोंड पुसलं.

"ताई, एक विचारायला आले. ह्यांना सांगितलेलं नाही." आवाज अगदी साधा होता. "विहिरीचं असं झालं की तुम्ही पाणी कुठून आणायचात?"

मी रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला.

"इतके दिवस कसंबसं मागून भागवलं. गावात विचारलं मी. कुणी नीट सांगत नाही. सगळे म्हणतात, पाटलाला विचारा, ह्याला विचारा. म्हटलं, तुम्हालाच विचारावं. तुम्ही तिथे राहिलात."

"देवळामागच्या तळ्यावरून," मी म्हणाले. "पहाटेच जायचं. ऊन झालं की गुरं उतरतात, गढूळ होतं. उजव्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरायचं, डावीकडे शेवाळ आहे."

त्या ओठ हलवून ते पाठ करत होत्या. उजव्या बाजूनं. पहाटे.

"किती खेपा लागतात?"

"तिघांना चार."

"आम्ही तसे दोघंच," त्या म्हणाल्या, आणि पोटाकडे बघून थांबल्या.

मी तांब्या खाली ठेवला. "वहिनी, मी येते. आज तुमच्याबरोबरच येते. पाऊस पडेपर्यंत राहते, सगळं पाणी मी भरीन."

त्या गाडीच्या चाकाला धरून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत नीट बघितलं. त्यांच्या नजरेत राग शोधायचा मी फार प्रयत्न केला.

"नको," त्या म्हणाल्या. "आता ते घर आमचं आहे."

गाडीवानानं बैलांना हाक दिली. वहिनींनी गोणपाटावर बसून दोन्ही हातांनी पोट धरलं, आणि गाडी खाडीच्या दिशेनं उतरायला लागली.